बारानंतर शून्य का नको?
विज्ञान प्रदर्शनातल्या डिजिटल घड्याळाची चिकित्सा

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून फिरताना काही प्रकल्प दरवर्षी हमखास भेटतात. ज्वालामुखी भेटतो, पावसाचे पाणी जिरवण्याचे मॉडेल भेटते आणि डिजिटल घड्याळ भेटते. एका वर्षी असेच एक घड्याळ टेबलावर होते. प्लायवुडचा तुकडा, त्यावर चौदा आयसी, तारांचे जंजाळ आणि सहा लाल आकडे. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि घड्याळ दाखवत होते ००:३०.

आम्ही तिघे परीक्षक हसलो. एकाने विचारले, "काय रे, मध्यरात्र झाली का?" नववीतला तो मुलगा गोरामोरा झाला. "सर, पुस्तकात चोवीस तासांचे होते. मी बारा तासांचे केले. दोन तारा बदलल्या," एवढेच तो बोलला. आम्ही 'तासांच्या आकड्यांत चूक' असा शेरा मारून गुण कापले आणि पुढच्या टेबलाकडे गेलो. गुणपत्रिकेवर माझीही सही होती.

त्या रात्री आकृती काढून बसलो, तेव्हा लक्षात आले की संपूर्ण प्रदर्शनात स्वतःच्या डोक्याने केलेला बदल बहुधा त्या दोन तारांतच होता. आम्ही ज्याला चूक म्हटले ते त्या प्रकल्पातले सर्वात चांगले प्रश्नचिन्ह होते. त्याचे उत्तर आम्हा तिघांपैकी कोणालाही विचारले गेले असते, तर पंचाईत झाली असती.

म्हणून हे घड्याळ एकदा नीट तपासून पाहू या. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करतो तसे: यात चांगले काय, फसवे काय आणि आपण शिक्षक मंडळी त्याचे काय करतो.

हातचा एक

घड्याळाची रचना थोडक्यात अशी. घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने दाब कमी करून त्यातून सेकंदाला ५० स्पंद मिळवायचे. दोन आयसींनी त्यांना ५० ने भागले की सेकंदाला एक स्पंद मिळतो. पुढचे दोन आयसी सेकंद मोजतात, त्यापुढचे दोन मिनिटे आणि शेवटचे दोन तास. हे आठ झाले. प्रत्येक आकड्यासाठी एक ७४४७ नावाचा आयसी, जो आतल्या चार तारांवरची द्विमान संख्या वाचून सात पट्ट्यांपैकी कोणत्या पेटवायच्या ते ठरवतो. असे सहा. एकूण चौदा.

मोजणारा आयसी बहुतेक वेळा ७४९० असतो. त्याच्या चार बाहेरच्या तारा म्हणजे ८, ४, २ आणि १ या किमतींची चार घरे. स्पंद येत गेले की ०००० पासून १००१ पर्यंत, म्हणजे शून्यापासून नऊपर्यंत आकडे येतात आणि पुन्हा शून्य. मुले हे पाठ करून येतात. "७४९० हा डेकेड काउंटर आहे, सर." पण पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही: नवानंतर शून्य आले हे शेजारच्या आयसीला कळते कसे?

उत्तर फार सुंदर आहे आणि चौथीच्या वर्गातले आहे. आठच्या घराकडे पाहा. शून्य ते सात तिथे ० असतो. आठ आणि नऊला तिथे १ येतो. नवानंतर शून्य होताना तो १ चा पुन्हा ० होतो. दहा स्पंदांत हे पडणे एकदाच घडते. ७४९० चा स्वभाव असा, की आत येणारी तार १ वरून ० वर पडली की तो एक मोजतो. म्हणून पहिल्याच्या आठच्या घराची तार दुसऱ्याच्या आत जोडली की काम झाले. ही तार म्हणजे 'हातचा एक'.

बेरीज शिकवताना आपण हातचा वर लिहायला सांगतो आणि मुले तो विसरतात. इथे हातचा म्हणजे खरोखरची एक तार आहे. ती काढून टाका, सेकंदाचा एककाचा आकडा शून्य ते नऊ फिरत राहील आणि दशकाचा आकडा गप्प बसेल. स्कूटरच्या किलोमीटर मीटरमध्ये हेच काम चाकाचा दात करतो. या एका गोष्टीसाठी मी या प्रकल्पाला भरघोस गुण देईन. मात्र मुलाने ती तार बोटाने दाखवली पाहिजे.

क्षणभराचे साठ सेकंद

दशकाच्या आकड्याने पाचानंतर सहा न दाखवता शून्य दाखवायला हवा. ७४९० ला शून्यावर आणण्यासाठी दोन तारा दिलेल्या असतात. दोन्हींवर एकाच वेळी १ आला की आयसी शून्य होतो. सहा म्हणजे ०११०. चारच्या घरात १ आणि दोनच्या घरात १. ती दोन घरे त्या दोन तारांना जोडायची. सहा आला रे आला की तो स्वतःच स्वतःला पुसून टाकतो.

इथे थांबा. सहा आल्याशिवाय पुसला जाणार नाही. म्हणजे दर मिनिटाला एकदा हे घड्याळ खरोखरच '६०' दाखवते! सेकंदाच्या काही कोट्यांशापुरते. डोळ्याला ते दिसणे शक्य नाही, पण ते घडते. मी पाहिलेल्या मार्गदर्शिकांपैकी एकीतही हे सांगितलेले नव्हते. 'सहाला रीसेट होतो' असे एक वाक्य आणि पुढे चला. विद्यार्थ्याला वाटते, आयसीला पाचानंतर थांबायचे 'कळते'. त्याला काहीही कळत नाही. तो चूक करतो आणि मग दुरुस्त करतो.

ही केवळ गंमत नाही, त्यात एक दोषही दडला आहे. पुसण्याचा हुकूम सहामुळे निघतो. पण दोन घरांपैकी एक घर जरा आधी पुसले गेले की सहा राहत नाही आणि हुकूमही मागे घेतला जातो. दुसरे घर तेवढ्यात पुसले गेले नसेल तर? बहुतेक वेळा जाते. कधी कधी लांब तारा, ढिली जोडणी, कमी पडणारा वीजदाब यांमुळे जात नाही आणि आकडा भलतीकडे उडी मारतो. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री 'काल चालत होते, आज चालत नाही' म्हणून रडवणाऱ्या घड्याळांचे एक कारण हे असते.

यावर उपाय आहे आणि तो तितकाच शिकवणारा आहे. ७४१६३ या आयसीला पुसण्याचा हुकूम दिला, तरी तो पुढचा स्पंद येईपर्यंत वाट पाहतो. म्हणून त्याला सहावर नव्हे, पाचावर हुकूम द्यायचा. पाच पूर्ण सेकंदभर दिसतो आणि पुढच्या स्पंदाला शून्य येतो. सहा जन्मालाच येत नाही. 'चूक झाल्यावर दुरुस्त करणे' आणि 'चूक होऊच न देणे' हा फरक मुलांना दाखवण्याची याहून स्वस्त सोय मला माहीत नाही.

असाच एक सापळा ७४९२ चा. माहितीपत्रकात त्याचे वर्णन 'बाराने भागणारा' असे असते. बाराने भागतो म्हटल्यावर तासांसाठी तो घ्यावा असे कोणालाही वाटेल. तो बाराने भागतो हे खरे, पण सरळ मोजत नाही. शून्य ते पाच मोजून झाल्यावर त्याच्या तारांवर एकदम आठ येतो आणि मग तेरापर्यंत जातो. भागणे आणि मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा स्पंदांत एक स्पंद देणे वेगळे आणि बारा आकडे ओळीने म्हणून दाखवणे वेगळे. गंमत अशी, की ज्या ७४९२ चा तासांना उपयोग नाही, तोच सेकंद आणि मिनिटांच्या दशकाला उत्तम चालतो. आठचे घर सोडून उरलेली तीन घरे वाचली, तर तो शून्य ते पाच असे दोनदा म्हणतो, कोणालाही न पुसता.

बारा, एक आणि शून्य

आता त्या मुलाकडे येऊ. पुस्तकातले घड्याळ चोवीस तासांचे होते. तासांच्या दशकात २ आणि एककात ४ आला की दोन्ही आयसी शून्य. त्यासाठी दशकाचे दोनचे घर आणि एककाचे चारचे घर पुसण्याच्या तारांना जोडलेले असते. मुलाने विचार केला, आपल्याला बारा हवेत. मग दशकाचे एकचे घर आणि एककाचे दोनचे घर घ्यायचे. दोन तारा बदलायच्या. तर्क अचूक आहे. घड्याळ ११:५९ नंतर ००:०० वर जाते. तास मोजण्यात कुठेही चूक नाही. चूक असेल तर ती आपल्या तबकडीत आहे.

तबकडीच्या घड्याळावर शून्य नाही. जिथे शून्य असायला हवे तिथे बारा लिहिलेले आहे. काटा बारावर आला म्हणजे नवी फेरी सुरू झाली. त्यानंतरच्या अर्ध्या तासाला आपण 'साडेबारा' म्हणतो, पण हिशेबाने तो नव्या फेरीतला पहिला अर्धा तास आहे. रेल्वेच्या वेळापत्रकाने ही अडचण ओळखली आणि मध्यरात्रीला ००:०० लिहिले. मोजणारा आयसीसुद्धा शून्यापासूनच सुरुवात करतो. म्हणून चोवीस तासांचे घड्याळ सोपे आणि बारा तासांचे अवघड. मार्गदर्शिका चोवीस तासांचेच मंडल छापतात याचे कारण हे. मात्र ते कारण त्या सांगत नाहीत.

अवघड किती? बारानंतर एक हवा. म्हणजे तेरा येताच शून्य नव्हे, तर ०१ आणायचे. ७४९० ला शून्यावर नेता येते, सोयीसाठी नवावरही नेता येते, पण एकावर नेता येत नाही. त्यासाठी ७४१९२ सारखा आयसी लागतो, ज्यात हवा तो आकडा भरता येतो. एककात आधीच ०००१ मांडून ठेवायचा. दशकात १ आणि एककात ३ दिसला की 'भरा' असा हुकूम एककाला आणि 'पुसा' असा हुकूम दशकाला द्यायचा.

सकाळ-दुपारचा दिवा लावायचा असेल तर गोष्ट आणखी मजेदार होते. आकडे फिरून एकावर येतात ते १२:५९ नंतर. पण मध्यान्ह उलटते ती ११:५९ नंतर, म्हणजे एक तास आधीच. फेरी बदलण्याच्या दोन सीमा आणि त्यांत एका तासाचे अंतर! हातात घड्याळ बांधून आयुष्य गेले तरी ही विसंगती आपल्या लक्षात येत नाही. आयसीला समजावून सांगायची वेळ आली की लगेच येते. यंत्राला शिकवताना आपण स्वतः शिकतो, त्याचे हे चांगले उदाहरण.

त्या मुलाला आम्ही फक्त इतके विचारायला हवे होते: "शून्याऐवजी बारा दिसायला हवे असतील तर काय करशील?" तो अडखळला असता, विचारात पडला असता. त्यासाठीच तर प्रदर्शन.

वेळ येते कुठून?

या प्रकल्पावरचा माझा सर्वात मोठा आक्षेप आकड्यांवर नाही, स्पंदावर आहे. चौदा आयसी फक्त मोजतात. वेळ राखण्याचे काम जो करतो तो कोपऱ्यात पडलेला पहिला स्पंद. आणि नेमके त्याकडेच सर्वांचे दुर्लक्ष.

एक आकडा लक्षात ठेवा. दिवसात १४४० मिनिटे असतात. स्पंदात एक टक्क्याची चूक असेल तर घड्याळ दिवसाला १४.४ मिनिटे चुकते. शाळेच्या प्रयोगात एक टक्क्याची चूक म्हणजे उत्तम निकाल. घड्याळात तीच चूक म्हणजे एसटी चुकली.

विजेच्या ५० हर्ट्झवर चालणारी मंडले परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे आली. युरोप-अमेरिकेत अशी घड्याळे बरोबर चालत, कारण तिथल्या वीज जाळ्यांचे चालक अनेक दशके घड्याळाकडेही लक्ष ठेवून असत. दिवसभर वारंवारता किंचित कमी राहिली, तर नंतर ती किंचित वाढवून राहिलेले स्पंद भरून काढले जात. मंडल आपण उचलले, पण त्यामागची ही व्यवस्था आकृतीत दिसत नव्हती. १९९० च्या दशकात आपल्या प्रादेशिक जाळ्यांची वारंवारता मागणीच्या वेळी तासन् तास ५० च्या खाली असे आणि रात्री मागणी घटली की वर जाई. ४९.५ हर्ट्झ म्हणजे बरोबर एक टक्का. तेवढी वारंवारता दिवसभर टिकली तर १४ मिनिटे मागे. मुले बिचारी आयसी बदलत बसत. दोष आयसीत नव्हताच.

२००२-०३ मध्ये वारंवारतेशी जोडलेली वीजदर पद्धत प्रादेशिक जाळ्यांना लागू झाली, ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले गेले आणि आता वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवण्याचा प्रयत्न असतो. सुधारणा मोठी आहे. तरीही दिवसभर ४९.९० राहिले तर घड्याळ जवळजवळ तीन मिनिटे मागे पडेल.

आणि हा केवळ आपल्याकडचा प्रश्न आहे असेही नाही. २०१८ च्या जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत युरोपातल्या अनेक देशांतली ओव्हनवरची आणि रेडिओची घड्याळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्या वादात जाळ्यात वीज कमी पडत होती आणि सरासरी वारंवारता ४९.९९६ हर्ट्झ झाली होती. दहा हजारांत एक भागाहूनही कमी घट, पण पन्नासेक दिवस टिकली. हा गुणाकार आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्या. सहा मिनिटे येतात की नाही पाहा.

म्हणजे विजेवर चालणारे घड्याळ हे वाईट घड्याळ, पण वीज जाळ्याचे उत्तम निरीक्षण करणारे यंत्र! सात दिवस रोज एकाच वेळी मोबाइलमधल्या वेळेशी तुलना करून फरक लिहिला आणि आलेख काढला, तर घरातल्या खोक्यातून साऱ्या देशाच्या विजेची नाडी कळते. असा आलेख मी एकाही प्रदर्शनात पाहिलेला नाही.

काही मंडलांत विजेऐवजी ५५५ हा आयसी असतो. तो एक चांगला नोकर आहे, पण घड्याळाला चालणार नाही. त्याचा स्पंद रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्यावर ठरतो. मोठ्या कपॅसिटरच्या किमतीत वीस टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो आणि तापमानाबरोबर तो बदलतोही. बटण फिरवून फिरवून संध्याकाळी जुळवलेला सेकंद दुसऱ्या दिवशी दुपारी जुळत नाही.

खरा उपाय मनगटी घड्याळात असतो. ३२,७६८ हर्ट्झचा क्वार्ट्झचा स्फटिक. ही विचित्र संख्या कुठून आली असे मुलांना विचारा. तिला दोनने भागत जा. पंधरा वेळा भागले की १ उरतो. ४०६० हा आयसी स्फटिकाला कंप पावायला लावतो आणि चौदा वेळा निम्मे करून देतो. पंधरावे निम्मे करायला एक फ्लिप-फ्लॉप. झाला सेकंद. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग धरली, तरी दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आत. हा स्फटिक सुमारे २५ अंश सेल्सिअसला सर्वात बरोबर असतो. तापमान कमी झाले काय किंवा वाढले काय, तो मागेच पडतो. अकोल्याच्या उन्हाळ्यात ४५ अंशांच्या खोलीत त्याची आणखी सव्वा सेकंद रोजची घट होईल. एवढी सूक्ष्म चूक मोजायला आठवडा लागेल. लागू द्या.

बारीकसारीक पण महत्त्वाचे

आणखी तीन गोष्टी मार्गदर्शिकांनी सांगायला हव्यात.

एक, ७४९० ला वीज ५ आणि १० क्रमांकाच्या पायांवर द्यावी लागते. याच कुटुंबातल्या चौदा पायांच्या बहुतेक आयसींना ती कोपऱ्यांत, १४ आणि ७ वर लागते. सवयीने कोपऱ्यांत तारा लावून बसलेली मुले मी पाहिली आहेत.

दोन, मिनिट पुढे नेण्याचे बटण. एकदा दाबले की आकडा चार-पाच मिनिटे पुढे उडतो. आयसी खराब नाही. बटणातला धातू आदळून काही सहस्रांश सेकंद थरथरतो आणि आपल्याला एक वाटणारे दाबणे आयसीला अनेक वाटते. दोन नँड गेट एकमेकांना जोडून दुहेरी बटण वापरले की थरथर थांबते. हा दोष मुद्दाम दाखवावा आणि मग उपाय दाखवावा.

तीन, रेझिस्टर. प्रत्येक पट्टीला एक याप्रमाणे बेचाळीस रेझिस्टर लागतात. कंटाळून मुले प्रत्येक आकड्याला एकच सामाईक रेझिस्टर लावतात. मग १ लखलखीत दिसतो आणि ८ मलूल, कारण तोच प्रवाह कधी दोन पट्ट्यांत वाटला जातो तर कधी सातांत. याला जोडून एक गणित द्यावे: चोवीस तासांत सर्वात जास्त वीज कोणत्या क्षणी लागेल आणि सर्वात कमी कोणत्या? पट्ट्या मोजल्या की उत्तर येते. ०८:०८:०८ ला ३९ पट्ट्या पेटतात आणि ११:११:११ ला फक्त १२. या गणिताला एक पैसाही खर्च नाही.

मग हे करायचे कशाला?

आता रास्त प्रश्न. आज अर्डुइनोचे कार्ड आणि वेळ राखणारा एक छोटा आयसी घेतला, तर हेच घड्याळ तासाभरात होते. २०१६ नंतर अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या, तिथे ही सामग्री मिळते. मग चौदा आयसींचा पसारा का मांडायचा?

वस्तू म्हणून विचाराल, तर मांडूच नये. १९७० च्या दशकातच सबंध घड्याळ एका आयसीत मावले होते. तेव्हापासून चौदा आयसींच्या घड्याळाला बाजारात अर्थ राहिला नाही. त्याचा अर्थ उरला आहे तो फक्त समजून घेण्यात. आणि समजून घेतले नाही, तर तोही उरत नाही. पाठ केलेले पायांचे क्रमांक आणि उतरवून घेतलेला प्रोग्राम, दोन्ही सारखेच निरुपयोगी.

पण एक फरक मला मोलाचा वाटतो. आयसींच्या घड्याळात चूक कुठे आहे ते शोधत जाता येते. एक एलईडी आणि एक रेझिस्टर घेऊन तार तार तपासता येते. इथपर्यंत स्पंद येतो, इथून पुढे येत नाही. प्रत्येक टप्पा उघडा आहे. अर्डुइनोच्या घड्याळात बारानंतर एक आणायला एक ओळ पुरते. त्या ओळीमागे काय घडते हे ज्याने एकदा तारांनी केले आहे, त्याला ती ओळ जादू वाटत नाही.

चार्ल्स पेट्झोल्ड यांच्या 'कोड' या इंग्रजी पुस्तकाच्या २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत घड्याळ बांधण्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते फ्लिप-फ्लॉपच्या प्रकरणानंतर येते, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. वाचकाला एक बिट लक्षात ठेवणारी वस्तू आधी समजते आणि मग घड्याळ त्यातून वाढत जाते. आपल्या मार्गदर्शिकांत मात्र पहिल्या पानावर पूर्ण आकृती असते आणि दुसऱ्यावर सामानाची यादी. मुलगा यादी घेऊन पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात जातो आणि प्रकल्प तिथेच निम्मा संपतो.

माझी सूचना साधी आहे. पूर्ण घड्याळ करूच नका. फक्त ० ते ५९ मोजणारा भाग करा. दोन मोजणारे आयसी, दोन ७४४७, दोन आकडे आणि एक स्फटिक. बेचाळीस रेझिस्टर जोडण्यात पहिल्या चौदांनंतर शिकण्यासारखे काही उरत नाही. मिनिटे म्हणजे तोच भाग पुन्हा. तास कागदावर काढा, चोवीसचे आणि बाराचे दोन्ही, आणि त्यांवर वर्गात वाद घाला. वाचलेला वेळ सात दिवसांच्या नोंदींना द्या.

आणि परीक्षक म्हणून जाल तेव्हा 'काउंटर म्हणजे काय' हे विचारू नका. त्याचे उत्तर पाठ असते. हातच्याची तार दाखव म्हणा. ती काढली तर काय होईल ते आधी सांग आणि मग काढून दाखव म्हणा. तुझे घड्याळ दिवसाला किती चुकते आणि पुढे जाते की मागे, ते विचारा. 'माझे घड्याळ अजिबात चुकत नाही' म्हणणाऱ्या मुलाचे गुण कापा. 'रोज चार मिनिटे मागे पडते, हा बघा आलेख' म्हणणाऱ्याला द्या.

तो मुलगा पुढे काय करतो, मला माहीत नाही. त्याच्या शाळेचे नावही आता आठवत नाही, नाहीतर चूक कबूल करायला गेलो असतो. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही कपाटाच्या वरच्या फळीवर असे एखादे धूळ खाणारे घड्याळ असेल. ते खाली काढा, सुरू करा आणि मुलांना एवढेच विचारा: ११:५९ नंतर यात काय दिसेल, आणि तेच का?